बारशाच्या फोटोतले मिटलेले डोळे

आदित्य, सई — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते, कारण माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सून असून तुमची आई इतक्या लांबून बनारसला आली, माझ्या उशाशी बसली आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, "आई, उठून बसल्यावर डोकं दुखत नाही ना?"

नाही दुखलं. संध्याकाळी मी बसून चहा घेतला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "माताजी बड़ी हिम्मतवाली हैं." मला संताप आला. हिंमत कसली? सुई बारीक होती. पाठीच्या कण्यात टोचून कमरेखालचा भाग बधिर करतात ना, ती. आता तिचं टोक पेन्सिलीसारखं असतं — आतलं आवरण ती कापत नाही, धागे बाजूला सारून आत जाते.

आदित्य, तुझ्या जन्माच्या वेळी सिझेरियनसाठी तुझ्या आईला दिलेली सुई जाड होती, धारदार टोकाची. त्या सुईने पडलेल्या भोकातून कण्यातलं पाणी झिरपत राहतं. बसलं की डोकं फुटायला येतं, आडवं झालं की थांबतं.

हे मला कधी कळलं? आत्ता नव्हे — तेव्हाच. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं इंग्रजीत समजावलं. तिला आडवं राहू द्या, दुखणं कमी झालं नाही तर लगेच परत आणा, तिच्याच हातातलं थोडं रक्त पाठीत सोडून ते भोक बुजवता येतं. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, म्हणून माझ्याशी बोलले. जिचं डोकं दुखत होतं तिला कुणी काही सांगितलंच नाही. याचाही मला राग येतो — पण त्या रागाआड मी लपणार नाही. निरोप माझ्याकडे होता. मी तो गिळला.

का? बारशाची आमंत्रणं गेली होती. इथल्या ब्रह्मा घाटावरची सगळी मराठी घरं येणार होती, आणि माझ्या घरात ठरलेली गोष्ट कधी पुढे ढकलली जात नसे. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, नाही का?

बारशाच्या सकाळी तिने विचारलं, "आई, मी पडूनच राहिले तर चालेल?"

मी म्हटलं, "आम्हीही बाळंत झालो होतो. नाटकं पुरेत."

माझी नणंद दारातून म्हणाली, "वहिनी, सूनबाईंना पालखी मागवा की." सगळ्या हसल्या. मीही हसले — मला माहीत असताना हसले.

ती उठली. बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली, पाळणा म्हणून होईपर्यंत. मग मोरीत जाऊन ओकली. पुढे कित्येक दिवस तिने तुला पडूनच पाजलं, आणि तरीही मी तिला परत दवाखान्यात नेलं नाही. नेलं असतं तर डॉक्टरांनी विचारलं असतं — इतके दिवस काय केलंत?

"आईला बारशातच झोप लागली" ही गोष्ट तुम्ही लहानपणापासून हसत ऐकलीत. ती मी रचली. दर सुट्टीत मीच सांगितली, तिच्यासमोर.

बारशाचा तो फोटो अजून बैठकीत आहे. त्यात मी हसते आहे, आणि तुमच्या आईचे डोळे मिटलेले आहेत.