भोकं पडलेली पोळी

नागोजीरावांच्या मधमाश्या डसत नसत. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी सातेरी जातीच्या एका शांत वसाहतीपासून सुरुवात केली, तिच्या राणीच्याच लेकी-नातींना राण्या करत गेले आणि सर्जापूर रोडलगतच्या मावसभावाच्या आंबराईत बावीस मधपेट्या उभ्या केल्या. पण नुसत्या मधावर भागत नव्हतं. आसपासच्या अपार्टमेंटांत भिंतीच्या फटीत किंवा मीटरच्या डब्यात रानटी सातेरी सापडली की लोक त्यांनाच बोलावत. माश्या जिवंत काढायला अर्धा दिवस जाई, औषध फवारायला दहा मिनिटं. नागोजीराव फवारत, आणि घरी सांगत, "रानात सोडून आलो."

गेल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या पोळ्यांना भोकं पडू लागली. राणी प्रत्येक घरात अंडं घाली, पण आठवड्याभरात निम्मी घरं रिकामी दिसत. रोगाचा वास नाही, मेलेली अळी नाही. शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या चंदनानं, त्यांच्या मुलीनं, एक पोळं उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं.

"अण्णा, इथं बाहेरची सातेरी नाही का कुठं?"

"का गं?"

"राणी उडते तेव्हा तिला परके नर भेटायला हवेत. तुमच्या राण्यांना भाऊच भेटताहेत. अशा जोडीच्या बऱ्याच अंड्यांतून कामकरी माशी न होता निकामी नर निघतो. त्याची अळी कामकरी माश्याच खाऊन टाकतात. म्हणून ही भोकं. पण तुम्ही तर एवढ्या माश्या सोडल्यात, त्या गेल्या कुठं?"

नागोजीरावांनी मान खाली घातली. "सोडल्या नाहीत. मारल्या."

चंदनानं पोळं जागेवर ठेवलं, हात धुतले आणि ती बसस्टॉपकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून नागोजीराव एक तरी रानटी वसाहत मिळावी म्हणून दारोदार फिरले. एका गेटवर वॉचमन मल्लाप्पा हसला. "कुठली माशी, अण्णा? तुम्हीच तर सगळं साफ केलंत."

नव्या माश्या पुरेशा जन्मेनात, जुन्या मरत गेल्या. नागोजीरावांनी दुबळ्या वसाहती एकत्र करायचं ठरवलं. एका पेटीत एकच राणी राहते, म्हणून बाकीच्या त्यांनी अंगठ्याखाली चिरडल्या, एकेक करून. तरी शिवरात्रीच्या सुमारास शेवटच्या पेटीतल्या माश्याही पेटी सोडून उडून गेल्या.

आता ते आनेकलजवळच्या एका कारखान्यात राखणीला आहेत. चंदना सुट्टीला येते, आईशी बोलते, वडलांना ताट वाढते. ते काही विचारतात, ती "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, एवढंच म्हणते आणि आत जाते.