तळ्याकाठी आण्णा बोलत होते

माकणीहून निघालो तेव्हा माझ्या वडलांनी, आण्णांनी, दाराला कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं आणि किल्ली शेजारच्या कमलकाकूंच्या हातात दिली. "चार-सहा महिन्यांत येतो. अधनंमधनं दार उघडून झाडून घे तेवढं," ते म्हणाले. मी बाजूलाच उभी होते. म्हशी विकून झाल्या होत्या, रान चुलतभावाला कसायला दिलं होतं. आण्णांनी आता कायम आमच्याकडंच राहायचं, हे मी आणि माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, कॅनडात बसून आधीच ठरवून टाकलं होतं. आण्णांना तेवढं सांगायचं राहिलं होतं. लोहाऱ्याला जाणारी जीप हॉर्न वाजवत होती.

आई गेल्यापासून मला झोप लागत नव्हती. वडील तिकडं एकटे, आणि मी इकडं हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या वडलांना औषधं देतेय, हे मनातून जाईना. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे परदेशी आलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आण्णांना आणलं आणि मला झोप लागू लागली. त्यांना लागते का, हे मी विचारलं नाही.

हिवाळाभर ते खिडकीशी बसून राहिले. मायक्रोवेव्ह लावायला शिकले, बर्फाचे बूट घालायला शिकले. मी शिफ्ट करून यायची तेव्हा घरात दिवा नसायचा, टीव्ही नसायचा. अंधारात आण्णा बसलेले.

"करमतंय ना, आण्णा?"

"व्हय की. काय कमी हाय इथं?"

मी ते खरं धरून चालले. लाल जॅकेटातले त्यांचे फोटो गावाकडं पाठवत राहिले. आण्णा मजेत आहेत, असं सगळ्यांना सांगत राहिले.

मे महिन्यात बर्फ गेला. एका रविवारी आम्ही त्यांना शहराबाहेरच्या आर्बोरेटमला नेलं. देशोदेशीची झाडं लावून राखलेलं हे मोठं रान, मधोमध तळं, तळ्याभोवती पायवाट. मेपलला कोवळी पानं फुटलेली, बर्चची पांढरी खोडं उन्हात चमकत होती. एक हरिण वाट ओलांडून गेलं तेव्हा आण्णा हात जोडल्यासारखे थांबले. मला वाटलं, चला, रमले.

सुहास कॉफी आणायला गेला. तेवढ्यात मला वॉर्डातून फोन आला. बोलून वळते तर आण्णा नाहीत.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, फोन गाडीत राहिला होता, आणि शेजारी पाणी. मी तळ्याच्या कडेनं पळत सुटले. भेटेल त्याला विचारत होते, लाल जॅकेटातले म्हातारे गृहस्थ दिसले का. कुणीतरी पुढच्या वळणाकडं बोट दाखवलं. वळणावर पोचण्याआधी आवाज ऐकू आला. रानातून पल्याडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी, तसला मोकळा आवाज. इथं आल्यापासून तो मी एकदाही ऐकला नव्हता.

आण्णा बाकावर बसले होते. समोर गवतात हंसासारख्या बदकांची एक जोडी आणि त्यांची पिवळी पिल्लं. आण्णा त्यांच्याशी बोलत होते.

"पाणी झ्याक हाय तुमचं. आमच्या धरणावर बी पाखरं येतात, थंडीची. उन्हाळ्याच्या आत निघून जातात. बरं असतं त्यांचं." थोडं थांबून म्हणाले, "म्या व्हय? म्या लेकीकडं हाय. लई जीव लावती. पर करमत न्हाय मला. तिला कसं सांगावं? जीव तुटंल तिचा. म्हणून तुम्हाला सांगतोय."

मी झाडाआड उभी होते. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मागं सरावं, लांबून हाक मारावी, काही ऐकलंच नाही असं दाखवावं. दोन पावलं मागं गेलेही. मग पुढं झाले. जाऊन शेजारी बसले.

"मला का नाही सांगितलं, आण्णा?"

ते दचकले. "कुठवर ऐकलंस?"

"सगळं."

"तू एवढ्या हौसंनं आणलंस. ने मला माघारी, असं कसं म्हणू?"

"तिकडं तुम्ही एकटे पडाल."

"इथं कुठं दुकटा हाय, माय?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

सुहास म्हणत होता, इथला उन्हाळा तरी जाऊ दे. मी तिकीट काढलं. मिरगाच्या आधी आण्णा माकणीत पोचले. विमानतळावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको." मी घरी येऊन त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि दिवसभर ते उघडलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. पावसाळ्यात ते ओसरीवर घसरले, हात मोडला. मला कळलं ते बऱ्याच दिवसांनी, कमलकाकूंकडून. ते इथं होते तेव्हा त्यांना कोंडून ठेवल्याची बोचणी होती, आता सोडून दिल्याची आहे. एक गेली की दुसरी येते, आणि दोन्ही खऱ्या आहेत. त्यांच्याबरोबर मीही परत का गेले नाही, असं कुणी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारते आणि उत्तर यायच्या आत कामाला लागते.

काल फोन केला. पलीकडं चार-पाच जणांचा कालवा, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी विचारलं, हात कसा आहे, जेवलात का. "व्हय, व्हय," आण्णा घाईनं म्हणाले. "ठेव माय, मंडळी बसल्यात. मग बोलू." आणि त्यांनी ठेवलाही.

मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. लागलं मनाला. बरंही वाटलं. इथली माणसं मला विचारतात, तुझं घर कुठलं? आता मला सांगता येईल. जिथं मी नाही, आणि आण्णांना माझ्याशी बोलायला सवड नाही, ते माझं घर.