बाहेर डोकावणारी काडी

अलास्कात माझी गाडी बर्फात रुतली, तेव्हा फावडं घेऊन आलेल्या म्हाताऱ्याने आधी मला घरात नेऊन शेकवलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

घर म्हणजे ओंडक्यांची एक खोली. पाणी नदीवरचा बर्फ फोडून आणायचं, बटाटे उन्हाळ्यात लावून तळघरात साठवायचे. मी बॉथेल शहरातला सॉफ्टवेअरवाला, कोथिंबिरीची जुडीसुद्धा ॲपवरून मागवतो. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्याने आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि बटाटे उकडले.

गाडी काढायला निघताना त्याने शेगडीशेजारी सुक्या ढलप्या रचल्या. वर काडेपेटी ठेवली, अर्धी उघडी, एक काडी बाहेर आलेली. मी सवयीने ती बंद केली. त्याने पुन्हा उघडली.

“गारठलेल्या बोटांना पेटी उघडता येत नाही.”

“पण तुम्ही तर इथे एकटेच राहता.”

“मी नसताना कुणी आलं तर? म्हणून तर दाराला कुलूप नाही.”

तेव्हापासून देवघरातली काडेपेटी मी तशीच ठेवतो. बायको रोज बंद करते, मी रोज उघडतो. आमच्या दाराला कुलूप आहे, वर कॅमेरा आहे. गारठलेला माणूस त्या काडीपर्यंत पोचणार कसा, हे तिने अजून विचारलेलं नाही.