कंपाउंडरदादांचा जयसिंग

आवडत्या खेळाडूचे किस्से त्याच्याहून वेगाने धावतात. जयसिंगचा एकच गोल मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की सगळ्यांचं खरं मानायचं तर तो चेंडू गोलात शिरण्याआधी नंदुरबारच्या प्रत्येक गल्लीतून फिरून आला असला पाहिजे! म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला. जे मी डोळ्यांनी पाहिलं, किंवा एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन माणसांनी सारखंच सांगितलं, तेवढंच खरं धरायचं. या चाळणीतून फार थोडं उरतं. जे उरलं, ते हे.

*

जयसिंग खांडबाऱ्याकडचा. घरी त्याची बोली वेगळी, गावात आमच्यासारखी अहिराणी. कापसाच्या हंगामात तो जिनिंगमध्ये गाठी बांधायला आला आणि फुटबॉलसाठी राहिला. जिनिंगच्याच टीमकडून खेळायचा, डाव्या बगलेवर, आणि अनवाणी.

रेल्वेच्या टीमविरुद्ध सामना होता. पंच अडून बसले, की बुटांशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. कुणाचे तरी उसने बूट चढवून जयसिंग अर्धा सामना फरफटत खेळला. मध्यंतरात त्याने ते गोलच्या खांबापाशी नीट जोडीने ठेवले आणि पंचांना म्हणाला,

"साहेब, आते पाय मन्हा शेतस!"

आता पाय माझे आहेत, हे ऐकून पंच हसले की रागावले, याबद्दल साक्षीदारांत एकमत नाही. त्यानंतरच्या दोन गोलांबद्दल आहे.

*

माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाव कंपाउंडरदादा म्हणायचं. धुळ्याच्या एका साप्ताहिकासाठी ते सामन्यांचे वृत्तांत लिहीत. औषधाच्या बाटलीवर मात्रेच्या खुणा लावताना केसाएवढीही चूक न करणारा हा माणूस जयसिंगविषयी लिहू लागला, की विशेषणं ओंजळीने ओतायचा!

अंक शनिवारी सकाळी एस.टी.ने यायचा. दवाखान्याच्या ओट्यावर गर्दी जमायची आणि दादा स्वतः वाचून दाखवायचे. "भगवान सूर्यनारायण अस्ताचलाकडे झुकला असता, सुवर्णकिरणांनी न्हालेल्या त्या रणांगणी..."

शहाद्याकडचे मगनभाई केळीचे बागाईतदार. खास या वाचनासाठी एस.टी.ने येत. एकदा त्यांना राहवलं नाही.

"दादा, सूर्य बुडू द्या! गोल व्हयना का नही, ते सांगा!"

*

त्या काळी आमच्या मैदानावर गोलच्या दोन बांबूंवर आडवी दोरी ताणलेली असे. एका सामन्यात जयसिंगचा फटका दोरीच्या वरून गेला की खालून, यावर जुंपली. पंचांनी गोल दिला, पण गावाला तो पचेना. नवल असं, की वाद घालणाऱ्या प्रत्येकाने तो फटका दहा पावलांवरून पाहिला होता, आणि तरी सगळ्यांचं ठरलं, की पेपर येईपर्यंत गप्प बसायचं!

मगनभाईंनी पेढ्यांचा पुडा आणून तसाच ठेवून दिला. कुणीतरी चिडवलं, "भाई, आठ दिन कसाले थांबतस?"

"केळीना घड पिकाले आठ दिन लागतस ना? गोल बी पिकू द्या!"

शनिवारी अंकात "दोरीखालून" असा शब्द निघाला. त्यानंतर पुडा सुटला.

*

आई नाशिककडची. तिने एकही सामना पाहिला नव्हता, पण दादांचे वृत्तांत तिला जवळजवळ पाठ होते. एकदा दारात एक ठेंगणा, काटकुळा माणूस खोकत उभा राहिला. आईने त्याला चहा दिला आणि ती म्हणाली, "जिनिंगमध्येच असता ना? मग जयसिंगभाऊंना सांगा, एकदा घरी येऊन जा म्हणावं. बघायचंय त्यांना."

तो मान खाली घालून चहा पीत राहिला. इतक्यात दादा आले. "अगं, हाच जयसिंग!"

आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. मग ती दादांकडे वळली.

"यापुढे उंचीही लिहीत जा."

*

एकोणीसशे साठनंतर मी पुण्याला एम.ए. करत होते. सुटीत घरी आल्यावर दादांच्या कात्रणांची वही काढली आणि लाल पेन्सिलीने त्यातल्या एका वृत्तांताची विशेषणं खोडू लागले. दोन तासांनी काम संपलं. भाषा निर्दोष झाली. गोल होता, मिनिट होतं, निकाल होता. जयसिंग मात्र कुठेच नव्हता.

खोडरबराने सगळ्या रेघा पुसल्या. कागदावर त्यांचे वळ अजून दिसतात.

*

शेवटचा किस्सा शील्डच्या अंतिम सामन्याचा. समोर रेल्वेचीच टीम. अखेरच्या क्षणी उजवीकडून उंच चेंडू आला, जयसिंग उसळला आणि गोल झाला. पंचांची शिटी वाजली, शील्ड जिनिंगकडे आलं. गावाने जयसिंगला खांद्यावरून घरी नेलं.

दादा तेव्हा गोलच्या खांबाला टेकून उभे होते. घरी आल्यावर त्यांनी वृत्तांतातली एक ओळ लिहिली, खोडली आणि पुन्हा लिहिली. आई म्हणाली, "एक ओळ गाळली तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"आजवर लिहिलेल्या सगळ्या बिघडतील."

शनिवारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दादांनी नेहमीच्याच आवाजात वाचलं: "चेंडू जयसिंगच्या डाव्या मनगटास लागून गोलात गेला, असे प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले."

मग मगनभाई उठले.

"काय बोली ऱ्हायनात तुम्ही? इतला जोरमा बॉल उना, हातले लागता ते हात सुजी जाता! आठ दिन व्हयनात, जयसिंगना सुजेल हात कोणी देखा का?"

"चष्मा बदला, दादा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आतेपाइन हाऊ पेपर आम्ही ऐकाव नही!" मगनभाईंनी जाहीर केलं आणि सगळा ओटा समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसला. दादांनी अंकाची घडी घातली आणि आत जाऊन रिकाम्या बाटल्या विसळू लागले. त्या आधीच विसळलेल्या होत्या. मी तिथेच होते.

दुपारी जिनिंगचा भोंगा झाला आणि जयसिंग आला. वाचताना तो नव्हता, पण वाटेत सगळं कानावर आलं असणार. स्टुलावर बसून त्याने डावा हात टेबलावर पसरला. सूज नव्हती, ओरखडाही नव्हता.

"पट्टी बांधा, कंपाउंडरदादा."

"काय झालंय?"

"काहीच नही. जाडी बांधा. तठे मगनभाईले दिसाले पायजे."

दादांनी कपाटातून पट्टी काढली. मग कापूस ठेवून मनगटाला पट्टीचे वेढ्यांवर वेढे घातले आणि गाठ मारली.

जयसिंग ओटा उतरला, रस्ता ओलांडून चहाच्या दुकानात शिरला, मगनभाईंच्या शेजारी बाकावर बसला आणि त्याने डाव्या हाताने चहाचा कप उचलला.