गाठ होती, रोग नव्हता

आज नातीच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनचा तिखट वास आला आणि मला मोहाडीची कौसाबाई आठवली.

मी तेव्हा तिथे जनावरांचा डॉक्टर होतो. तिच्या कापलेल्या डुकराच्या किडनीत पांढऱ्या गाठी निघाल्या. चिरल्या तर आत पू नव्हता, सुरीला खरखर लागत नव्हती. संसर्गापेक्षा ट्यूमरच वाटत होता. तरी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीसाठी नागपूरला पाठवला आणि तिला म्हणालो, "रिपोर्ट येईपर्यंत बाकीची डुकरं वेगळी ठेवा."

रिपोर्ट आला. ट्यूमरच होता, पसरणारा रोग नव्हता. आनंदाने सांगायला गेलो, तर डुकरांचा गोठा रिकामा आणि मागे ताज्या मातीवर चुना टाकलेला. घरात लहान नातवंडं, शेजारीही घाबरलेले. तिच्या नवऱ्याने सगळी डुकरं मारून पुरली होती.

मी रिपोर्टचं सांगितलं. तिने वळून घराकडे पाहिलं, नवरा आत होता.

"यायले सांगू नका, साहेब," ती हळूच म्हणाली. "एक गाभण होती. खड्डा खंदताना लय रडले."

आतून नवऱ्याने विचारलं, "काय म्हणून राहिले डाक्टर?"

"रिपोर्ट यायचाच हाये म्हणतेत."

मी तसाच निघून आलो. तिच्या बोलण्याला निदान 'हो' तरी म्हणायला हवं होतं, असं आता वाटतं.