पाचरंगी कुरड्या आणि आमचा कूलर

होणाऱ्या विहीणबाईंच्या तोंडावर मी गव्हाचा चीक फवारला, तो जाणूनबुजून नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत या प्रसंगाच्या दोन-तीन आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत तर मी चक्क पिचकारी घेऊन उभा आहे!

मी अमरावतीच्या एका शाळेत तीस वर्षं कार्यानुभव शिकवला. टाकाऊतून टिकाऊ हा माझा विषय आणि माझा स्वभावही. निवृत्त झालो तेव्हा शाळा सुटली आणि घर सापडलं. फुटक्या बरणीचा दिवा झाला, जुन्या साड्यांची पायपुसणी झाली, पत्र्याच्या डब्यांना रंग देऊन त्यात मोगरा लावला (तो मेला, पण डबे टिकले). आमच्या हिचं, म्हणजे मंदाचं, मत असं की घरात आता टाकाऊ असं एकच काही उरलंय आणि ते दुपारी जेवून घोरतं.

अशात आमच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न अकोल्याला ठरलं. साखरपुड्यात विहीणबाई सहज बोलून गेल्या, "आमच्या मोठ्या सुनेच्या रुखवतात तर विकतच्या कुरड्या होत्या, माय!"

झालं! मंदाने भर हॉलमध्ये जाहीर केलं, "आमच्या पल्लूच्या रुखवतात घरच्या राहतीन. पाचरंगी!"

त्या दिवसापासून घरात लग्न दुय्यम झालं आणि कुरड्या मुख्य. पुढे तीन दिवस गहू भिजला. रोज पाणी बदलायचं, मग वाटायचं, गाळायचं, चीक शिजवायचा आणि हात भाजत सोऱ्यातून गरम गरम पिळायचा. बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा, गोकर्णाच्या फुलांचा निळा आणि एक आपला साधा पांढरा. शेवटची कुरडई पिळून मंदाने कंबर सरळ केली आणि आभाळ भरून आलं. अवकाळी!

"अजी, आता काय करू वं माय! वल्ल्या कुरड्या हायेत साऱ्या. बुरशी लागन!"

माझ्यातला शिक्षक जागा झाला. "घाबरू नको. वाळवणाचं यंत्र बनवून देतो."

"यंत्र?" मंदाने सोऱ्या खाली ठेवला. "मले यंत्र नोका सांगू. मागच्या वेळी मिक्सरचं काय केलं तुमी?"

(मिक्सरचा विषय इथे नको.)

हॉलच्या खिडकीत आमचा जुना लोखंडी कूलर बसवलेला होता. नवा प्लॅस्टिकचा आतल्या खोलीत आल्यापासून हा बेकार होता, पण काढला तर खिडकीला भगदाड पडतं म्हणून तिथेच राहिला होता. मी त्याच्या तिन्ही बाजूंचं गवत काढलं आणि त्या जागी बारीक जाळीच्या फळ्या बसवल्या. फळ्यांवर कुरड्या मांडल्या. पंखा सुरू केला की बाहेरची हवा कुरड्यांवरून खेचली जाणार, ऊन असो वा नसो. पाण्याचा पंप मात्र मी काढला नाही. चालू वस्तू उगाच काढून टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

संध्याकाळपर्यंत कुरड्या कडेने कडक होऊ लागल्या! मी मोठ्या अक्षरात पाटी लिहून कूलरवर बाहेरून टांगली, "यंत्र चालू आहे. कोणीही हात लावू नये." पल्लवी नोकरीच्या गावी आणि घरात आम्ही दोघंच, तेव्हा 'कोणीही' म्हणजे कोण, हे मंदाला बरोबर समजलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि आपलं नेहमीचं वऱ्हाडी ऊन तापलं.

"आता गच्चीवर टाकू ना जी कुरड्या. ऊन हाय बढिया."

"वानरं नेतील."

"मी बसतो ना काठी घेऊन!" मंदा म्हणाली.

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

मंदाने कपाळावर हात मारला. मी तो होकार समजलो.

दुपारी दोन वाजता दारात विहीणबाई उभ्या! जवळच भातकुलीला कुणाचं तरी लग्न होतं. बाकीची मंडळी बाजारात उतरली आणि बाई एकट्याच आमच्याकडे आल्या. अंगावर फिकट मोतिया रंगाची कडक इस्त्रीची साडी. मी त्यांना हॉलमध्ये बसवलं, तेही नेमकं कूलरसमोर. मंदा पन्हं करायला आत गेली.

पाच मिनिटांत बाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. "काहो भाऊ, हा कूलर हाय का हीटर? गरम हवा फेकून राहिला ना!"

आता खरं सांगतो. वऱ्हाडातल्या माणसाला एक वेळ कुणी कंजूस म्हटलेलं चालेल, पण पाहुणा आपल्या कूलरसमोर घामाघूम बसलेला चालत नाही. माझं डोकं बंद पडलं आणि हात चालू झाले. चाळीस उन्हाळ्यांची सवय! मी लगबगीने बाहेर गेलो, नळाचा पाइप ओढला, मध्ये येत होती म्हणून पाटी जरा बाजूला सरकवली (माझी पाटी! माझ्या हाताने!) आणि टाकी गच्च भरली. आत येऊन पंपाचं बटण दाबलं आणि यजमानाच्या समाधानाने खुर्चीत बसलो.

"आता कसं बरं वाटून राहिलं!" बाईंनी डोळे मिटले.

त्यांच्या साडीवर एक लाल ठिपका उमटला. मला वाटलं, कुंकू ओघळलं असेल. मग एक हिरवा उमटला. हिरवं कुंकू कुणी लावत नाही, एवढं मला कळत होतं, पण पुढचं कळेपर्यंत वरच्या पन्हाळीतलं पाणी तिन्ही बाजूंच्या कुरड्यांवरून वाहायला लागलं होतं. पंख्याने तो पाचरंगी रबडा उचलला आणि थेट बाईंवर मारला! एक निळी कुरडई तर जाळीतून शेवया होऊन आली.

"अरे बाप्पा! काय हाय हे?"

"बंद करतो, बंद करतो!" मी झडप घालून बटण फिरवलं. उलटं फिरवलं. पंखा फास्ट झाला!

पन्ह्याचे पेले घेऊन मंदा दारात आली. तिने ट्रे खाली ठेवला, भिंतीतली पिन खेचली आणि मटकन खाली बसली. "तीन दिवस गहू भिजवला वो ताई मी. हातं भाजले माये. आता काय मांडू पोरीच्या रुखवतात?" आणि रडायलाच लागली. मला त्या कूलरच्या टाकीत बुडून घ्यावंसं वाटलं. खरंच वाटलं.

विहीणबाईंनी गालावरचा चीक बोटाने निपटला, पाहिला आणि आधी हळू, मग पोट धरून हसायला लागल्या. "मंदाताई, रडता काहून? गहू हाय का घरात?"

"हाय."

"मंग भिजवा आजच. वाटायच्या दिवशी मी येतो, दोघी मिळून पिळू. पन हे भाऊ घरात नोको!"

बाई निघताना मी त्यांना एवढंच म्हटलं की ती साडी मला द्या, छान पिशव्या होतील. मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःहून तेल्हाऱ्याला बहिणीकडे पत्रिका द्यायला निघालो आणि बोलावणं येईपर्यंत तिथेच राहिलो.

लग्नात पाचरंगी कुरड्यांसमोर गर्दी होती. विहीणबाई येईल त्याला हाताला धरून आणत होत्या, "पाहा, याले म्हनतात घरच्या कुरड्या!" टेबलाच्या कडेला पाटी होती, "कोणीही हात लावू नये." खाली कंसात लिहिलं होतं, "मुलीच्या वडिलांनी तर मुळीच नाही." अक्षर फार सुरेख होतं. मंदाने समोर बसवून ती पाटी माझ्याकडूनच लिहून घेतली होती, उरलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. टाकाऊतून टिकाऊ!