खाकी कागदाची आतली बाजू

फोन आला तेव्हा मी एका नायिकेचे केस उडवत होतो. म्हणजे कागदावर, ब्रशने. कादंबऱ्यांची कव्हरं काढणं हा माझा धंदा, आणि प्रेमकथा म्हटली की केस उडालेच पाहिजेत, हा आमच्या पुण्याच्या प्रकाशकांचा दंडक. मंचरहून आत्तेभाऊ बोलत होता. "आई गेली रे… सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हनली, ती उठलीच न्हाई." मी हं हं करत फोन ठेवला आणि काय करावं ते न सुचून उरलेले केस पुरे केले. याची मला लाज वाटते. पण मालूआत्याच्या बाबतीत लाज वाटावी अशी ही काही माझी पहिली गोष्ट नाही, आणि मोठी तर नाहीच.

आम्ही आळे गावचे. मालूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, मंचरला दिलेली. मामांचं म्हणजे तिच्या यजमानांचं बाजारपेठेत बियाण्यांचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीला मामांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची पुस्तकं पोत्यांत भरून आणली, आणि आत्यानं दुकानामागच्या खोलीत दोन मांडण्या लावून बायकांसाठी वाचनालय काढलं. चौथी शिकलेली बाई, पण मांडणीवरचं प्रत्येक पुस्तक तिनं वाचलेलं. त्यातल्या बाराआणे प्रेमकथा. आता प्रेमकथेचं कव्हर कसं असतं ते तुम्ही जाणता. तो तिला मिठीत घेऊन उभा, मागे सूर्य बुडतोय. असलं पुस्तक घेऊन कांद्याच्या आडत्याची सून सासऱ्यासमोरून घरात कशी शिरणार? म्हणून आत्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालायची आणि त्यावर स्केचपेननं भलतंच नाव लिहायची. 'लोणची आणि मुरांबे'. 'गरोदरपणातील आहार'. भाजीच्या पिशवीत मेथीखाली बसून ही लोणची गावभर फिरायची. एकदा एका सासऱ्यानं दुकानात येऊन मामांना ऐकवलं, "पावणं, आमची सून वर्षभर लोणची वाचतीया, पन ताटात फोड काय पडंना!" हा किस्सा सांगताना आत्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची.

पुण्याला चित्रकला शिकून मी कव्हरं काढायला लागलो तेव्हा पहिलं छापून आलेलं पुस्तक आधी तिला नेऊन दिलं. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "दिनू, लई भारी काढलंय रं," एवढंच म्हणाली. बांगडीवाल्यांची जुबेदाभाभी तेव्हा पुस्तक बदलायला आली होती. वाचनालयातली सगळ्यांत अधाशी वाचणारी ती. आत्यानं ते पुस्तक तिच्याही हातात दिलं. मी त्या दिवशी हवेत होतो.

त्यानंतर मी गेलो तो दिवाळीच्या आदल्या दिवशी. वडील गेल्यापासून पहिली आंघोळ आत्याकडेच असायची. आल्या आल्या मी मांडणीपाशी गेलो. सगळं खाकी. माझं पुस्तक कुठंय विचारलं तर म्हणाली, "वाचायला गेलंय. जुबेदाकडं हाय." त्यावरही कागद घातलाय का? "व्हय, घातलाय की. पन आरं…" पुढचं मी ऐकलंच नाही. माझं डोकं फिरलं. मी महिनाभर खपून काढलेलं चित्र गावात लोणच्याच्या नावानं फिरतंय! मी तिला चांगलं भाषण दिलं. वाचकाला कव्हर दिसलं पाहिजे, चित्र बघूनच पुस्तक उचललं जातं, जग कुठं चाललंय आणि तुम्ही अजून कागद गुंडाळत बसलाय. आत्या म्हणाली, "दम धर जरा. जुबेदा म्हायेरी गेलीया, तेवढं पुस्तक येऊ दे. मग तुला एक गंमत दाखवते, आन मग तू म्हनशील तसं करू." पण मला कुठला दम! मी मांडीवर एकेक पुस्तक घेऊन खाकी कागद फराफरा ओढून काढले. काहींच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं बारीक काहीबाही लिहिलेलं दिसत होतं. मला वाटलं, पुस्तकांचे नंबर असतील. आत्या दारात उभी होती. एकदा तिचा हात पुढे आला, मग तिनं तो मागे घेतला. पुण्याला शिकून आलेला भाचा… त्याला कसं अडवायचं, असंच तिला वाटलं असणार. कागदाचा ढीग तिनं उचलून न्हाणीघरात बंबाशेजारी नेऊन ठेवला.

मांडणी खरोखर झकास दिसायला लागली. रंगीबेरंगी, एखाद्या शहरातल्या दुकानासारखी. आणि बायका यायच्या बंद झाल्या. एकदम नाही, एकेक करून. होळीपर्यंत निम्म्या, पुढच्या दिवाळीपर्यंत दोन मास्तरणी उरल्या. मग खोलीत बियाण्यांची पोती आली. घरोघरी केबल आली, आता कोण वाचतंय, असं मी म्हणायचो, आणि आत्याही मान हलवायची. तिनं मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तेराव्याला जुबेदाभाभी आली. केस पिकलेत, गुडघे धरलेत. तिनं पिशवीतून रुमालात बांधलेलं एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. वर खाकी कागद, 'उपवासाचे पदार्थ'. म्हणाली, "भाऊ, राग मानू नगा. म्हायेरावरनं आले तर कळलं, तुमी समदे कागद फाडले. मंग म्या हे आनलंच न्हाई. मालूताईला सांगितलं व्हतं, माझ्याकडं हाय म्हनून. त्या म्हनल्या, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आता त्याला दाखवू नगं, पोरगं मनाला लावून घेईल."

ते पुस्तक आता माझ्या टेबलावर आहे. खाकी कागदाच्या आत माझं पहिलं कव्हर अजून कोरं करकरीत आहे. कागद उलटा केला की वर आत्याचं मोठं, वळणदार अक्षर: 'हे चित्र आमच्या दिनूने काढले आहे. घरात कोणी नसताना कागद काढून बघावे व कसे वाटले ते इथे लिहावे.' खाली पेन्सिलीनं, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं… 'पोरगी गोड आहे पण एवढ्या वाऱ्यात केस मोकळे कोण सोडतं, वेणी घाला.' 'हिरोचं तोंड काढू नये. जिचं तिला दिसू द्या.' 'हात लई सुंदर. मेंदी पायजे होती.' ही जुबेदाभाभी असणार. 'तिच्या हातात पिशवी द्या, बाहेर पडायला कारण लागतं.' आणि एकीनं अगदी कोपऱ्यात, पुसट: 'दोघं नुसती बोलत बसलेली दाखवा. आमच्याकडे तेवढंच होत नाही.'

वाचकांना कव्हरावर काय हवं असतं, हे मी इतकी वर्षं प्रकाशकांना विचारत आलो. मांडणीवरच्या बाकीच्या कागदांच्या आत अजून काय काय लिहिलेलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

सगळ्यांत खाली पुन्हा आत्याचं अक्षर आहे. 'दिनू दिवाळीला आला की दाखवायचे.'

दिवाळीला मी आलो होतो, आत्या. पहाटे तू मला उटणं लावलंस, आणि बंबातलं पाणी चांगलं कडकडीत तापलं होतं.